पाठ केलेलं वाक्य

सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फिरायला जाणारे आम्ही पिंपळीत मोजके लोक आहोत. बोलणं बेताचंच असतं. कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला चालला, पाण्याची पाळी कधी येणार, एवढ्यावर भागतं. दिवाळीच्या सुट्टीत त्यात एक आवाज वाढला. शेजारच्या घरातली मुलगी, पुण्याला शिकते, हातात वही घेऊन आमच्यापुढे चालायची आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायची. परीक्षेचं असेल, असं वाटलं. कान दिल्यावर कळलं, ती एकच वाक्य घोळवते आहे. आएते योकात्ता. 'त्ता'च्या आधी क्षणभर थांबायची, स्वतःवरच नाराज होऊन मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची.

विचारलं तेव्हा समजलं. तिची एक मैत्रीण आहे, जपानची. पुण्यात दोघी एकाच घरी पेइंग गेस्ट म्हणून राहतात. ती इथे हिंदी शिकायला आलेली, ही जपानी शिकणारी. एकमेकींची वाक्यं सुधारता सुधारता गाठ पडली. पावसाळ्यात हिला डेंग्यू झाला. इकडे आडसाली उसाच्या लागणीची धांदल. घरी कळवलं तर आई सगळं टाकून धावत येईल, म्हणून हिने कळवलंच नाही. ते दिवस त्या मैत्रिणीने काढले. रक्त तपासायला घेऊन गेली, रात्री उठून ताप पाहिला आणि भात अगदी गळेपर्यंत शिजवून त्याची पेज दिली. तिकडे तिला ओकायू म्हणतात. जपानात आजारी माणसाला हीच देतात, आणि वर खारवलेलं आंबट उमेबोशी. ते पुण्यात ऐन वेळी कुठून आणायचं? तिने फडताळातल्या बरणीतली लिंबाच्या लोणच्याची फोड पेजेवर ठेवली. लोणचं पिंपळीचं, हिच्या आईच्या हातचं. हे सगळं आईला पुढे दिवाळीत कळलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून लिंबं मात्र आली.

ती मैत्रीण आता मायदेशी परत जाणार होती, आणि जाण्याआधी हिला तिला काहीतरी सांगायचं होतं. हिंदीत सांगवेना. इंग्रजी दोघींनाही परकी. म्हणून जपानीत. वर्गातल्या बाईंना विचारून हिने वाक्यं लिहून आणली होती. ओसेवा नि नारिमाशिता, म्हणजे तू माझं फार केलंस. आएते योकात्ता, म्हणजे तू भेटलीस ते बरं झालं. आणि एक दाइसुकी. त्याच्यापुढे वहीत अर्थ लिहिलेला नव्हता. मीही विचारला नाही. तिने आपणहून सांगितला, जरा लाजत: "म्हणजे जीव आहे तुझ्यावर." मग थांबून म्हणाली, "पण गुरुजी, हे सगळं पाठ केलेलं वाटेल ना तिला?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रश्न घरी माझ्याबरोबर आला, चहाच्या वेळीही समोर बसला.

माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं. तिथे पाठांतराची चढती आणि उतरती अशी दोन्ही पाहिली. एके काळी पाढे, कविता, श्लोक यांच्याशिवाय शाळा हलत नसे. मग घोकंपट्टीला नावं ठेवण्याचा काळ आला. समजून घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहा, असं सांगणं सुरू झालं. ते रास्तच होतं. पण त्याबरोबर एक शंका नकळत पसरली. पाठ केलेलं म्हणजे खोटं. आतून आपोआप आलेलं तेवढंच खरं. हे मला कधीच पटलं नाही. देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो, रोज तोच. कुणी विठ्ठलासाठी रोज नवा अभंग रचून आणत नाही. म्हणणाऱ्यांतल्या काहींचं चित्त गोठ्यातल्या म्हशीपाशी असतं, हेही खरं आहे. पण एखाद्या संध्याकाळी, कुणाच्या घरात काही घडलेलं असतं आणि नेहमीच्याच ओळीवर त्याचा आवाज दाटून येतो. ओळ रोजचीच असते. रोज म्हटलेली होती, म्हणून त्या संध्याकाळी ती सापडली. दुःखाच्या वेळी माणसाला नवे शब्द कुठून सुचणार? सुखाच्या वेळी तरी कुठे सुचतात?

तिची वही मी मागून घेतली. मास्तरचे हात वहीवर जातातच. सगळं देवनागरीत लिहिलेलं, आणि स्वर लांबवायचा तिथे तिने अवग्रह टाकलेला. ओबासान म्हणजे काकू, ओबाऽसान म्हणजे आजी. एवढ्याशा अवग्रहाने काकूची आजी होते. वहीच्या पहिल्या पानावर त्यांची अक्षरं होती. आधी स्वर: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मला ओळखीचं वाटलं, कारण आहेच ओळखीचं. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृताच्या वर्णमालेचं शास्त्र तिकडे पोचलं आणि त्याच धर्तीवर त्यांनी आपली अक्षरं लावली. क्रियापदही आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. वाक्य संपताना आपण 'ना' म्हणतो, ते 'ने' म्हणतात. पोरीला जपानी लवकर का आली, याचं थोडं श्रेय त्या भिक्षूंना द्यायला हवं.

मागच्या पानांवर वाकण्याचं कोष्टक होतं. वर्गात वाकायलाही शिकवतात. ओळखीचं माणूस भेटलं तर 15 अंशांत, आदर दाखवायचा तर 30, आणि मनापासून आभार मानायचे किंवा माफी मागायची तर 45. मी हसलो. मग वाटलं, आपणही लहानपणी हे शिकलोच की. पाहुणे आले की मागून आईचा हात पाठीवर पडायचा, "पाया पड." मनात आदर आहे का, असं आधी कुणी विचारलं नव्हतं. पाठ वाकायला शिकली. काही पायांपाशी मग मनही वाकलं, काहींपाशी नाही. पण पाठीला सवयच नसती, तर त्या चार पायांपाशीही आपण ताठ उभे राहिलो असतो.

जपानी माणसाचा सगळा दिवसच ठरलेल्या वाक्यांवर चालतो. जेवण्याआधी हात जोडून इतादाकिमासु, जेवण झालं की गोचिसोऽसामा. घरातून निघताना इत्ते किमासु, परतल्यावर तादाइमा, आणि घरातल्यांनी म्हणायचं ओकाएरी. काम संपवून निघणाऱ्याला ओत्सुकारेसामा, म्हणजे दमलात हो. ही वाक्यं कुणी स्वतः घडवत नाही. लहानपणापासून ती कानावर असतात. मुलगी घरात हे वाचून दाखवत होती तेव्हा तिची आई पीठ मळत होती. इत्ते किमासुचा अर्थ ऐकून म्हणाली, "मग त्यात काय शिकायचं? आपलं जाऊन येतेच की." मैत्रिणीला प्रेमाने काय म्हणायचं, याची चौकशी मात्र तिने केली नाही. ते शिकवावं लागतं, हे तिला मान्य असावं.

आमच्याकडे ते खरंच अवघड आहे. आभार मानले तर माणूस रागावतो. "परका समजलास का?" म्हणतो. रात्रीत तुमच्या उसाला पाणी देऊन गेलेल्याला दुसऱ्या दिवशी धन्यवाद म्हणून पाहा. सावडीने कामं केलेली माणसं आम्ही. उपकार फेडायचा तो हाताने, तोंडाने नाही. फार तर निघताना "त्रास दिला तुम्हाला" एवढं म्हणायचं आणि समोरच्याने "त्रास कसला आलाय" म्हणायचं. माया तर त्याहून अवघड. ज्या घरात ही मुलगी वाढली, तिथले आजोबा मी लहानपणापासून पाहतो आहे. कुणाला मऊ शब्द बोलल्याचं आठवत नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हा उशाशी बसून राहिले, पण बोलले ते बैलांच्या वैरणीबद्दल.

तेच आजोबा आषाढीच्या आधी, वारीत, एक दिवस निराळे होतात. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीकडे निघाली की आमच्या पिंपळी-लिमटेकवरून जाते. पुढे काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. ते पाहायला सगळा महाराष्ट्र येतो. आमच्याकडे तसं पाहण्याजोगं काही नाही. आम्ही चहा देतो. आजोबा पहाटे अंघोळ करून पांढरी टोपी घालतात आणि पितळी किटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. समोरून लातूरचा कुणी येतो, परभणीची कुणी बाई येते. कधी न पाहिलेली, पुन्हा न दिसणारी माणसं. आजोबा प्रत्येकाला म्हणतात, "माऊली, चहा घ्या. माऊली, साखर कमी आहे, चालेल ना?" पेला रिकामा झाला की त्या माणसाच्या पायांकडे हात नेतात. तोही यांच्या पायांकडे वाकतो. वर्षभरात त्या घरात जेवढी माया बोलली जात नाही, तेवढी दोन तासांत रस्त्यावर बोलली जाते. आणि शब्द एकच. तो आजोबांनी घडवलेला नाही. त्यांच्या वडिलांकडून आला, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. म्हणून तो खोटा, असं त्या किटलीपुढे उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

भिडस्त माणसाला ठरलेला शब्द जिन्याच्या कठड्यासारखा असतो. धरून चढायचं तर स्वतःलाच लागतं, पण हात टेकायला जागा मिळते.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आणि 2006 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. या दोघी रविवारी तिथे जाऊन बसायच्या, असं मुलगी सांगत होती. ओकायामा म्हटलं की मला दुसरंच माणूस आठवतं. भदन्त सुरेई ससाई. त्याच प्रांतात 1935 साली जन्मले, तरुणपणी भिक्खू म्हणून भारतात आले आणि नागपूरचेच झाले. पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, दीक्षाभूमीच्या कामात आयुष्य घातलं. तिथल्या वस्त्यांमध्ये माणूस माणसाला भेटला की एकच म्हणतो, जय भीम. सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो, लग्नात म्हणतो, मयताला जमल्यावरही म्हणतो. ज्याच्यामुळे माणूस म्हणून उभे राहिलो, त्याची आठवण दोन शब्दांत. तेच दोन शब्द त्या जपानी माणसाच्याही तोंडी बसले. बाहेरून आलेल्याने पाठ केलेला नमस्कार इतका आपला होऊ शकतो.

अर्थात पाठ केलेलं सगळंच काही खरं नसतं. फोनवर यंत्र सांगतं की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि आपण अर्धा तास गाणं ऐकत बसतो. त्या वाक्यात दोष पाठांतराचा नाही. बोलणारं तिथे कुणी नसतंच. समारंभातल्या आभारप्रदर्शनाचंही तेच. यादी वाचणारा खाली बघून वाचतो, आणि ज्याचं नाव येतं तो बाहेर चपला शोधत असतो.

शिक्षकांच्या पिढ्यांनी 'तोत्तोचान' वाचलं आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानात 1981 मध्ये आलं, आणि मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते आणलं. एका शाळेने काढून टाकलेली खोडकर मुलगी तोमोए नावाच्या शाळेत येते. आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. त्यातलं डब्यांचं आणि झाडांवर चढण्याचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षात राहिलं ते मुख्याध्यापक कोबायाशी यांचं एक वाक्य. तू मुळात चांगली मुलगी आहेस, अशा अर्थाचं काहीतरी ते तिला म्हणत. भेटली की म्हणत. दरवेळी तेच, शब्दही बदलत नसत. प्रशिक्षणात कुणी आम्हाला सांगितलं असतं की मुलाला शाबासकी देताना नवनवे शब्द वापरा. कोबायाशींनी तसं काही केलं नाही. बदलत नव्हतं म्हणूनच तिला ते धरता आलं असावं. मोठी झाल्यावर ती बाई पुस्तक लिहायला बसते, तेव्हा ते वाक्य जागेवर असतं. त्यांनी दरवेळी वेगळं काही म्हटलं असतं, तर कदाचित एकही राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर मी तिला यातलं थोडंच सांगितलं. सगळं सांगायचं नसतं. म्हटलं, "वाटू दे की पाठ केलेलं. तिच्यासाठी पाठ केलंस, हे तिला कळेल." तिने मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. मग तिनेच एक गोष्ट सांगितली, जी मला नवी होती. जपानात आभार एकदा मानून भागत नाही. ज्याने मदत केली तो पुन्हा भेटला की आधी म्हणायचं, कोनो आइदा वा आरिगातोऽ, म्हणजे त्या दिवशीबद्दल आभार. महिना उलटला तरी म्हणायचं. नाही म्हटलं तर विसरला, असं वाटतं. मी जरा चक्रावलो. आपल्याकडे पुन्हा पुन्हा आभार मानणाऱ्याचा लोक संशय घेतात, याला आणखी काही हवंय की काय! पण विचार केल्यावर त्यांचं मला आवडलं. आपण मदत करतो आणि विसरतो, घेतो आणि मनात ठेवतो. मनात ठेवलेलं समोरच्याला कसं कळावं? आजोबांना बायकोची किती काळजी होती, हे मला माहीत आहे. तिला माहीत होतं का, ते मी सांगू शकत नाही.

संक्रांतीला मुलगी पुन्हा आली. गावभर एकच वाक्य चाललं होतं, तिळगूळ घ्या, गोड बोला. पाठ केलेलंच, आणि वर्षभर न बोलणारे दोन चुलतभाऊ तेवढ्या आधारावर एकमेकांच्या दारात उभे राहिलेले. मी निरोपाचं विचारलं. मैत्रीण डिसेंबरात गेली होती. पुणे स्टेशनवर हिने पहिली दोन वाक्यं नीट म्हटली. तिसऱ्याला घसा बसला आणि एक स्वर चुकला. मैत्रीण रडत होती, पण सवयीने तिने स्वर दुरुस्त केला. मग दोघी हसल्या. म्हणजे ते वाक्य शेवटी तिला दोनदा ऐकायला मिळालं, एकदा हिच्या तोंडून आणि एकदा स्वतःच्या.

आणि त्या बाजूनेही तयारी होती. मैत्रिणीने पर्समधून चिठ्ठी काढली. त्यावर जपानी अक्षरांत मराठी लिहिलेलं. हिने आईला फोन लावून दिला आणि मैत्रिणीने ते वाचलं: काकू, लोणचं फार छान होतं, मी पुन्हा येईन. जपानीत ल नाही, त्यामुळे लोणच्याचं रोणचं झालं. मुलीच्या आई, आमच्या वहिनी, मला हे सांगताना आधी हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. लोणचं वाखाणलं म्हणून, की पोरीला सांभाळलं म्हणून, हे त्यांनाही नीटसं सांगता आलं नसतं. नवी बरणी त्या मैत्रिणीच्या सामानातून गेली. विमानात कशी पोचली कोण जाणे.

मैत्रीण खरंच येणार आहे, आणि येईल ती पालखीच्या वेळी, असं ठरतं आहे. अडचण एवढीच की जपानी भाषेची परीक्षा जुलैच्या पहिल्या रविवारी असते, आणि पालखी आमच्याकडून जाण्याचे दिवसही त्याच सुमाराचे. मुलीने चौथ्या पातळीचा अर्ज भरायचं ठरवलं आहे. क्रियापदांची रूपं अजून कच्ची आहेत. मी म्हटलं, ती पाठ करायलाच हवीत, तिथे समजून घेण्यासारखं फार काही नाही. घरात बराच खल झाला, की परीक्षा मुंबई-पुण्याकडे आणि पाहुणी इथे, मग तिच्याजवळ कोण. आजोबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "येऊ दे तिला. किटली धरायला माणूस लागतोच."